गेममधील संगीतखंडांची मांडणी

गेममधील संगीतखंडांची मांडणी ही ध्वनिसंपादनातील एक प्रक्रिया आहे. चित्रपटातील प्रसंगाची लांबी ठरलेली असते. व्हिडिओ गेममध्ये ती खेळाडूवर अवलंबून असते. त्यामुळे गेमचे संगीत लहान खंडांत विभागून टाइमलाइनवर मांडले जाते व प्रसंगानुसार एका खंडावरून दुसऱ्या खंडावर नेले जाते.

कार्यपद्धती

खंड लयीत जुळावेत यासाठी बदलाच्या जागा आधीच निश्चित केल्या जातात. उदाहरणार्थ, मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत तीनतालाचे १६ मात्रांचे आवर्तन ८ सेकंदांचे होते. बदल केवळ समेवर ठेवल्यास शत्रू समोर आल्यावर युद्धसंगीत सुरू होण्यास जवळजवळ ८ सेकंद लागू शकतात; ४ मात्रांच्या प्रत्येक विभागानंतर ठेवल्यास हा विलंब २ सेकंदांपर्यंतच राहतो. खंडाअखेरीस रेंगाळणारा नाद न कापता पुढील खंडावर विरू दिला जातो. दुसऱ्या पद्धतीत अनेक वाद्यांचे थर एकाच वेळी वाजत ठेवून त्यांचा आवाज प्रसंगानुसार कमी-अधिक केला जातो.

वापर

लुकासआर्ट्स कंपनीतील मायकेल लँड व पीटर मॅककॉनेल यांनी विकसित केलेली आयम्यूझ प्रणाली 'मंकी आयलंड २' (१९९१) या गेममध्ये वापरली गेली. सध्या एफमॉड व वाइज ही सॉफ्टवेअरे प्रचलित आहेत. पुण्यातील नॉडिंग हेड्स गेम्सच्या, भारतीय पुराणकथांवर आधारित 'राजी' (२०२०) या गेमचे संगीतकार लिनोस त्झेलोस आहेत.