अनुगामी अँटेना (थेट दूरचित्र प्रक्षेपण)

अनुगामी अँटेना : हलत्या प्रक्षेपकाकडे मोटरच्या साह्याने सतत रोखून धरलेली दिशिक अँटेना. तिला दोन अक्षांभोवती, दिगंशात व उन्नतांशात, फिरवतात. सायकल शर्यत, मॅरेथॉन, नौकाशर्यत यांच्या प्रक्षेपणात ती वापरली जाते. तूर द फ्रान्समध्ये मोटारसायकलवरील कॅमेऱ्याचे चित्र आधी हेलिकॉप्टरकडे किंवा विमानाकडे जाते आणि तेथून जमिनीवरील ग्रहण केंद्राच्या अनुगामी तबकडीवर उतरते. आल्प्स व पिरेनीजच्या दऱ्यांत याला पर्याय नाही.

वर्णनांत मोटर व गिअर यांना मोठी जागा मिळते, पण यंत्रणेचा कस लागतो तो लक्ष्याची दिशा ठरवताना. संदेश जिकडून प्रबळ, तिकडे वळायचे ही एक रीत. तिला वेगळी माहिती लागत नाही, हा तिचा गुण खराच. मात्र आड काही आले की संदेश क्षीण होतो आणि तबकडी नेमकी त्याच क्षणी भरकटते. म्हणून विमानाने आपले जीपीएस स्थान कळवावे व त्यावरून दिशा काढावी, ही रीत सरस. स्थान कळणे थांबले तर? २ गिगाहर्ट्झला १.२ मीटर तबकडीची शलाका सुमारे ९ अंश रुंद असते. २० किमीवरचे विमान सेकंदाला १०० मीटर वेगाने आडवे गेले, तरी ५ सेकंदांत जेमतेम दीड अंश सरकते. तेवढा वेळ अंदाजावर निभावतो. ७ गिगाहर्ट्झला शलाका अडीच अंशांवर येते, तेव्हा ही सवलत आटते. विमान थेट डोक्यावरून गेले, तर दिगंशाची मोटर अर्धा फेरा एकदम घेऊ शकत नाही. त्यामुळे विमानाच्या घिरट्यांचा मार्ग बाजूला ठेवणे श्रेयस्कर.

परावर्तनांना दाद न देणारे अंकीय प्रक्षेपण आणि अनेक सिमकार्डे एकत्र जोडणारे संच आल्यावर अनुगमनाची गरज सरली, असा आक्षेप घेतला जातो. शहरी मॅरेथॉनपुरता तो बराचसा मान्य करावा लागेल. परंतु अंतर दुप्पट झाले की मोकळ्या अवकाशात शक्ती चौथाई उरते, आणि ही तूट कोणतेही अंकीय तंत्र फुकटात भरून देत नाही. घाटमाथ्यावर तर प्रेक्षकांच्या गर्दीने मोबाइलचे जाळेच तुंबते.

इतिहास : १९४८ साली तूरच्या पॅरिसमधील समारोपाचे थेट प्रक्षेपण झाले. अनुगमन नसले की काय होते, हे चंद्रावर दिसले : १९७१ च्या अपोलो १५ मोहिमेत चांद्रगाडीवरील तबकडी अंतराळवीर हाताने पृथ्वीकडे रोखत. त्यामुळे चित्र गाडी थांबल्यावरच येई.