चारित्र्याचा दाखला

आजारी माणसाच्या शुश्रूषेसाठी परक्या व्यक्तीस घरात घेतले म्हणजे एक असहाय जीव तिच्या हाती सोपविला जातो. ती व्यक्ती विश्वासास पात्र आहे, हे सांगावयाचे कोणी? या प्रश्नाचा इंग्लंडातील इतिहास मोठा उद्बोधक आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास तेथे घरोघर जाऊन रुग्णसेवा करणाऱ्या बाईविषयी लोकमत फारसे चांगले नव्हते. चार्ल्स डिकन्सच्या ‘मार्टिन चझलविट’ (१८४३-४४) या कादंबरीतील मद्यपी सेरी गॅम्प हे तिचे प्रसिद्ध चित्र होय. पुढे १८६० साली फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या प्रेरणेने लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयात परिचारिकांची शाळा निघाली. तेथील मेट्रन प्रत्येक विद्यार्थिनीच्या कामाबरोबरच तिचा प्रामाणिकपणा, सत्यप्रियता व निर्व्यसनीपणा यांचीही नोंद ठेवीत असे. माणूस रोजच्या वागणुकीतून पारखावा, ही त्यामागील दृष्टी होती.

परंतु खासगी घरी कामास गेलेली परिचारिका मेट्रनच्या नजरेआड होई. १८८७ साली एथेल बेडफर्ड फेनविक यांच्या पुढाकाराने ब्रिटिश नर्सेस असोसिएशन स्थापन झाले. परिचारिकांची अधिकृत नोंदवही असावी, म्हणजे शिकलेली कोण व तोतया कोण हे लोकांस कळेल, असा त्यांचा आग्रह होता. नाइटिंगेल यांनी त्यास विरोध केला. परीक्षेने ज्ञान मोजता येईल, पण चारित्र्य मोजता येणार नाही. शिवाय नोंद लवकरच शिळी होते, असे त्यांचे म्हणणे. हा वाद तीस वर्षांहून अधिक काळ चालला. नाइटिंगेल १९१० साली निवर्तल्या. नोंदणीचा कायदा झाला तो १९१९ साली.

पुढे प्रश्न आला तो जुन्या गुन्ह्यांचा. शिक्षा भोगून सुधारलेल्या माणसाचा अपराध ठराविक मुदतीनंतर मागे पडावा, असे १९७४ च्या कायद्याने ठरविले. मात्र १९७५ च्या आदेशाने परिचारिकेचा व्यवसाय या सवलतीतून वगळला गेला. रुग्णाची सुरक्षितता आणि पश्चात्ताप झालेल्या माणसाची भाकरी यांच्या तागडीत कायद्याने रुग्णाचे पारडे जड मानले.

तरीही १९९१ साली ग्रँथमच्या रुग्णालयात एका परिचारिकेने चार बालकांचे प्राण घेतले. या प्रकरणाच्या १९९४ च्या चौकशी अहवालाने भर दिला तो उमेदवाराच्या आजारपणाच्या रजांचा तपशील पूर्वीच्या संस्थेकडून मागविण्यावर. ती माहिती पोलिसांच्या दप्तरात सापडणारी नव्हती.

२००२ साली गुन्हेनोंदी तपासणारे स्वतंत्र कार्यालय सुरू झाले. २००४ पासून दुर्बल प्रौढांच्या सेवेस अपात्र ठरलेल्यांची यादी ठेवण्यात येऊ लागली. घरी जाऊन सेवा करणारेही तिच्या कक्षेत आले. २०१२ च्या डिसेंबरात ही कामे एकाच संस्थेकडे गेली. तिच्या दाखल्यावर मुदत नसते; तो दिल्या दिवसापुरताच खरा मानावयाचा. म्हणून २०१३ पासून दाखला अद्ययावत ठेवण्याची सोय करावी लागली.

नाइटिंगेल यांचा आक्षेप असा शंभर वर्षांनी व्यवहारात मान्य झाला. पण फेनविकही चुकल्या नव्हत्या. नोंदच नसेल, तर एका दारातून घालविलेला माणूस दुसऱ्या दाराशी निर्धास्त उभा राहतो. दाखल्याने त्याला उंबरठ्यावर अडविता येते. एकदा आत घेतलेल्या माणसावर लक्ष ठेवण्याचे काम मात्र रुग्णाच्या आप्तांना आणि त्याला कामावर पाठविणाऱ्यांनाच करावे लागते.