रोवणीच्या गाण्यापासून रॉकपर्यंत

मंडळी, सिहोऱ्यात रॉक संगीतावर बोलायचं ठरलं तेव्हा आम्हाला जरा संकोचच वाटला. पण समोर रोवणीची गाणी आणि मंडईतली दंडार ऐकत वाढलेली माणसं बसली आहेत. रॉकचं मूळही शेतातच आहे, त्यामुळे विषय तेवढा परका नाही.

अमेरिकेत मिसिसिपीकडे कापसाच्या शेतात राबणाऱ्या कृष्णवर्णीय मजुरांच्या गाण्यांतून 'ब्लूज' घडलं. पुढे हे मजूर पोटासाठी उत्तरेकडच्या शहरांत गेले. मडी वॉटर्स १९४३ मध्ये शिकागोला गेला. तिथल्या गजबजलेल्या दारूच्या अड्ड्यांत साधी गिटार ऐकूच जाईना, म्हणून त्याने विजेवरची घेतली. १९५५ च्या सुमारास चक बेरीने याच ब्लूजला वेग दिला.

आता याचा आवाज ओळखायचा कसा? चार ठोके मोजा. दुसऱ्या आणि चौथ्यावर ड्रमचा जोर येतो. अॅम्प्लिफायर इतका ताणतात की गिटारचा स्वर फाटतो, आणि ती फाटकी खरखर मुद्दाम ठेवलेली असते. साठीच्या दशकात इंग्लंडच्या पोरांनी ब्लूजच्या तबकड्या ऐकून हे उचललं. त्यातून ब्लूज रॉक, हार्ड रॉक, लांबलचक रचनांचं प्रोग्रेसिव्ह रॉक अशा शाखा फुटल्या. 'क्लासिक रॉक' हे नाव मात्र नंतरचं. ऐंशीच्या दशकात अमेरिकन रेडिओने ते रूढ केलं.

आपल्याकडे हे मुंबईत आलं. एका सिगारेट कंपनीच्या 'सिमला बीट' स्पर्धेतल्या बँडांच्या १९७० आणि १९७१ मध्ये एलपी निघाल्या. १९७२ मध्ये लेड झेपेलिनच्या जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट यांनी मुंबईच्या वादकांना घेऊन रेकॉर्डिंग केलं. पण गाणी इंग्रजी, ऐकणारे मूठभर. हे मराठी रंगभूमीवर आणलं ते नंदू भेंडे यांनी. आत्माराम भेंडे यांचा हा मुलगा आधी रॉक बँडमध्ये गायचा. १९७८ मध्ये पु. ल. देशपांडे यांनी रूपांतरित केलेल्या, जब्बार पटेल दिग्दर्शित 'तीन पैशाचा तमाशा'त तो मराठीत गायला, आणि लोकांनी ते उचलून धरलं.

म्हणजे उसनं घेण्यात वाईट काही नाही. प्रश्न श्रेयाचा आहे. लेड झेपेलिनच्या 'होल लोटा लव्ह'वर ब्लूज गीतकार विली डिक्सन यांनी १९८५ मध्ये दावा लावला. १९८७ मध्ये तडजोड झाली आणि पुढे त्यांचं नाव गाण्याला लागलं. त्यांचं गाणं आधीच मडी वॉटर्सच्या तबकडीवर निघालेलं होतं, म्हणून ते दाखवता आलं. ज्या मजुरांची गाणी कधी नोंदलीच गेली नाहीत, त्यांच्याकडे दाखवायला काय होतं?

आणि आपल्याकडे तरी काय आहे? आता रोवणी कमी-जास्त यंत्राने होऊ लागली, बांधीत गाणाऱ्या बाया थकल्या. पोरांनो, तुमच्या खिशात मोबाईल आहे. घरी जा, आजीला गायला सांगा, रेकॉर्ड करा. आणि खाली तिचं नाव, गाव, साल लिहायला विसरू नका.