उभ्या गाडीचे इंजिन: बांधावे की बदलावे?

मालवण-देवबागच्या किनाऱ्यावर जुनी फियाट धावून झिजते त्यापेक्षा उभी राहून जास्त मरते. घाटमाथ्यावरचा मेकॅनिक किलोमीटर विचारतो. इथे विचारायचे ते हे, की गाडीने किती पावसाळे बंद काढले आणि रेडिएटरमध्ये कुठले पाणी होते.

फियाट ११०० डिलाइट आणि तिचीच पुढची प्रीमियर पद्मिनी, दोन्हींचे पेट्रोल इंजिन मुळात एकच: चार सिलिंडर, ६८ मिमी बोअर, ७५ मिमी स्ट्रोक, १०८९ सीसी. ब्लॉक बिडाचा, हेड ॲल्युमिनियमचे. इंजिन कुठेही थांबो, कुठल्यातरी सिलिंडरचा व्हॉल्व्ह उघडा राहतोच. त्या वाटेने खारी, दमट हवा आत शिरते, भिंतीला गंज धरतो आणि रिंगा तिथेच चिकटतात. दुसरीकडे, मे महिन्यात मचूळ झालेल्या विहिरीचे पाणी हेडच्या पाणीवाटा पोखरते. खाऱ्या पाण्यात बीड आणि ॲल्युमिनियम शेजारी आले की झीज ॲल्युमिनियमच्या वाट्याला येते.

जाम इंजिनाची गाडी ढकलून चालू करण्याचा मोह आवरावा, त्यात रिंगा तुटतात. प्लग काढून पातळ तेल सोडावे, चार दिवस थांबावे, मग पान्याने क्रँक हळूहळू फिरवावा. फिरला तर कॉम्प्रेशन मोजावे: आधी कोरडे, मग चमचाभर ऑइल टाकून. आकडा वर गेला तर दोष रिंगा-बोअरचा. जागचा हलला नाही तर व्हॉल्व्हचा किंवा हेड गॅस्केटचा. तेव्हा हेड उतरवून भागते. ‘आता खोललंच आहे तर...’ या वाक्यापासून मात्र सावध राहावे.

ब्लॉकचा निकाल गंजाच्या खड्ड्यांची खोली लावते. ओव्हरसाइझ पिस्टनच्या मापात खड्डा निघून जात असेल तर बोअर करावा, नाहीतर लायनर घालून मूळ मापावर यावे. बोअर केलेली गाडी फोंडा घाट उडत चढते, हे गॅरेजपुराण. व्यास पूर्ण १ मिमीने वाढवला तरी भर पडते ३२ सीसीची, म्हणजे जेमतेम ३ टक्के. चढण सुधारते ती परत मिळालेल्या कॉम्प्रेशनमुळे.

ब्लॉक तडकलेलाच असेल तर बदल अटळ. पण हा प्रश्न पान्याआधी कागदाचा आहे. इंजिन क्रमांक आरसीवर असतो आणि त्या नोंदींशी विसंगत फेरफाराला मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ आडवे येते. तेव्हा आधी परिवहन कार्यालयाची वाट धरावी. २०२१च्या नियमांनी ५० वर्षांवरील गाडीला व्हिंटेज नोंदणी मिळते, पण चॅसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा. म्हणजे १९६८च्या डिलाइटला परके इंजिन बसवणे हे माझ्या मते नुकसानच. तिथे लायनरचा खर्च सोसावा. १९९०च्या पद्मिनीला तो धाक अजून नाही. तरीही तिला दुसऱ्या पद्मिनीचेच इंजिन शोधावे. त्याच कंपनीच्या ११८ एनईचे ११७१ सीसीचे निसान इंजिन भुरळ घालते खरे, पण त्यामागे गिअरबॉक्स आणि माउंटिंगचे काम निघते.

आणि गाडी पुन्हा पावसाळाभर उभीच राहणार असेल, तर मृगाआधी प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडे ऑइल, रेडिएटरमध्ये कूलंट आणि सायलेन्सरच्या तोंडात तेलकट चिंधी. चिंधी दिवाळीत आठवणीने काढावी.