कुन यांच्या आधीचा फ्लेक

थॉमस कुन यांचा ‘द स्ट्रक्चर ऑफ सायंटिफिक रिव्होल्यूशन्स’ (१९६२) हा ग्रंथ ज्यांना ठाऊक आहे, त्यांनी त्याची प्रस्तावना एकदा सावकाश वाचावी. तीत कुन एका जवळजवळ अज्ञात पुस्तकाचे ऋण मान्य करतात. ते पुस्तक लुडविक फ्लेक यांचे.

फ्लेक (१८९६–१९६१) हे ल्वोवचे, म्हणजे आजच्या युक्रेनमधील ल्विवचे, ज्यू डॉक्टर व सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ. १९३५ मध्ये बाझेल येथे त्यांचा जर्मन ग्रंथ प्रसिद्ध झाला : ‘वैज्ञानिक तथ्याचा उद्भव आणि विकास’. तथ्यालाही उद्भव असतो, हे शीर्षकच त्या काळी खटकावे असे.

उदाहरण त्यांनी आपल्याच व्यवसायातले घेतले : उपदंशाची वासरमान रक्तचाचणी. १९०६ मध्ये ती पुढे आली तेव्हा रोगग्रस्त अवयवांचाच अर्क हवा, असे गृहीत होते. लवकरच निरोगी अवयवांचा अर्कही चालतो असे आढळले. गृहीतक कोसळले, चाचणी टिकली. अनेक प्रयोगशाळांतील अनामिक हातांनी ती घडवली. म्हणून फ्लेक म्हणतात, तथ्य एकट्याला सापडत नाही. ते ‘विचारसमूहा’त आकार घेते, आणि काय दिसावे हे त्या समूहाची ‘विचारशैली’ ठरवते.

पुढे युद्ध आले. ल्वोवच्या घेट्टोत फ्लेक यांनी रुग्णांच्या मूत्रापासून टायफसची लस तयार केली (टायफस म्हणजे उवांमुळे पसरणारा ताप; टायफॉईड नव्हे). १९४३ मध्ये त्यांना आउश्वित्झला नेण्यात आले, नंतर बुखेनवाल्डला. तेथे एसएससाठी कैदी शास्त्रज्ञ लस बनवीत होते. सशांच्या फुप्फुसांत टायफसचे जंतू दिसतात, अशी त्या गटाने एकमेकांची खात्री पटवली होती. फ्लेक यांनी पाहिले, तर ते जंतू नव्हतेच. विचारसमूह चुकतो कसा, याचा नमुनाच समोर होता.

पण ही चूक एसएसच्या कानी घालणार कोण? निरुपयोगी लस एसएसकडे जात राहिली; नंतर बनलेली थोडी गुणकारी लस गुपचूप कैद्यांना मिळाली. ही हकीकत मुख्यतः फ्लेक व सहकैद्यांच्या कथनांतून कळते, हे इतिहासाच्या वाचकाने ध्यानात ठेवावे. युद्धानंतर, १९४६ च्या एका निबंधात, फ्लेक यांनी त्या प्रयोगशाळेची सामूहिक चूक ज्ञानमीमांसेचा पुरावा म्हणून मांडली.

ग्रंथाचा इंग्रजी अनुवाद १९७९ मध्ये आला. त्याला प्राक्कथन कुन यांचेच. आणि ‘विचारसमूह’ ही संज्ञा आपल्याला पटत नाही, हेही त्यांनी तेथे नोंदवले.