पाणी थोडं, वाटेकरी सारे
(खानदेशातल्या फड पद्धतीचा इतिहास आणि त्यातून घेण्यासारखं)



बंधारा बांधला म्हणजे गाव सुधारलं, असं आपण सहज म्हणतो. पण नुसत्या बंधाऱ्यानं गाव सुधारत नाही. पाणी अडवणं हे निम्मं काम झालं. अडवलेलं पाणी कुणाला, किती आणि कोणत्या पिकाला द्यायचं, हे ठरवणं हे उरलेलं निम्मं. हे दुसरं काम आपल्याच मुलखातल्या शेतकऱ्यांनी तीन-चारशे वर्षं कसं निभावलं, त्याची माहिती या पत्रकात दिली आहे.

फड म्हणजे काय?

फड म्हटलं की आपल्याला तमाशाचा नाहीतर ऊसतोडीचा फड आठवतो. धुळे जिल्ह्यात पांझरेच्या काठी आणि नाशिक जिल्ह्यात मोसम व आरम नद्यांच्या काठी या शब्दाला आणखी एक अर्थ आहे. तिथं नदीत आडवा बंधारा घालून पाणी पाटात वळवत. पाट 2 पासून 12 किलोमीटरपर्यंत लांब असे. पाटातून चारी निघे, चारीतून शेतापर्यंत सारंग जाई आणि जादा झालेलं पाणी सांडमांतून बाहेर पडे. पाटाखाली भिजणाऱ्या कायम बागायती जमिनीचे बहुधा चार मोठे भाग पाडलेले असत. त्यातला एकेक भाग म्हणजे फड. साधारण शंभर-सव्वाशे हेक्टरचा फड असे, काही याहून लहान, काही मोठे.

हे बंधारे पाणी साठवण्यासाठी नव्हते, वळवण्यासाठी होते. नदी वाहील तेवढंच पाणी हाती येई. म्हणूनच वाटणीचे नियम पक्के करावे लागले.

एका फडात एकच पीक

फडात ज्यानं त्यानं मनाला येईल ते पीक घ्यायचं नाही, हा पहिला नियम. एका फडात ऊस ठरला तर साऱ्यांचा ऊस. दुसऱ्या फडात हंगामी पीक ठरलं तर साऱ्यांचं तेच. कोणता फड भिजवायचा आणि कोणता पड ठेवायचा, हे दर वर्षी सगळे मिळून ठरवत.

यामागं शेतीशास्त्र आहे. उसाच्या शेजारी कमी पाण्याचं पीक असलं, तर उसाचं पाणी झिरपून ते पिवळं पडतं. सगळ्यांचं पीक एक असलं, की पाण्याच्या पाळ्याही एकसारख्या बसतात. शिवाय ऊस दर वर्षी त्याच जमिनीत राहत नाही. पिकाची फेरपालट आपोआप होते, जमिनीला विसावा मिळतो, ती चिबड किंवा खारवट होण्याचा धोका कमी होतो. आज कालव्याखालच्या चोपण जमिनी पाहिल्या, की या नियमाची किंमत कळते.

दुष्काळ पडला तर?

या पद्धतीची खरी खुबी इथं आहे. खातेदारांच्या जमिनी वेगवेगळ्या फडांत विभागलेल्या असत. नदीचं पाणी आटलं, की गाव एखादा फड कमी भिजवी. पण भिजणाऱ्या फडात बहुतेकांचा तुकडा असल्यामुळं एकाचं शेत हिरवं आणि दुसऱ्याचं पार करपलेलं, असं होत नसे. तोटा आला तो वाटून आला. आणि तोटा वाटला गेला, की भांडणाचं मूळच तुटतं.

पाणी द्यायला पाटकरी असे. शेतकऱ्यानं स्वतः दारं मोडायची नाहीत, साऱ्या फडाला पाटकऱ्यानंच भिजवायचं. पिकाची राखण जागल्या करी आणि सगळ्यांवर देखरेख हवालदाराची. यांचा मेहनताना बहुतेक धान्याच्या रूपानं शेतकरीच देत. माणूस गावचा आणि पगारही गावाचा, त्यामुळं त्याला जाब विचारणारंही गावच.

पद्धत का ढिली झाली?

विसाव्या शतकात नद्यांच्या वरच्या अंगाला धरणं झाली आणि नदीचा वाहता प्रवाह बदलला. विहिरी वाढल्या, इंजिनं आली, मग विजेचे पंप आले. ज्याची स्वतःची विहीर झाली, त्याला फडाच्या नियमाची गरज वाटेना. वाटण्या होऊन जमिनीचे तुकडेही पडत गेले. काही ठिकाणी फड टिकून राहिले, बऱ्याच ठिकाणी मोडले.

फडातही एक उणीव होती, ती झाकून ठेवण्यात अर्थ नाही. पाण्याचा हक्क जमिनीला चिकटलेला होता. ज्याला जमीन नाही, त्याला पाण्यात वाटा नाही.

नायगावनं टाकलेलं पुढचं पाऊल

ही उणीव पुण्याच्या पुरंदर तालुक्यात नायगावला भरून काढण्याचा प्रयत्न झाला. 1972 च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे या इंजिनिअरनं तिथं पाणलोटाची कामं सुरू केली आणि त्यातून पाणी पंचायत उभी राहिली. नियम मोजके होते. पाणी जमिनीवर नाही, माणसांवर मोजायचं. माणशी अर्ध्या एकरापुरतं, आणि एका कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांपुरतं. भूमिहीनालाही हक्क. उसासारखं जादा पाणी पिणारं पीक घ्यायचं नाही. आणि खर्चाचा काही वाटा लाभधारकांनी स्वतः उचलायचा.

पुढं 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला नाशिक जिल्ह्यात ओझरच्या शेतकऱ्यांनी वाघाड प्रकल्पावर पाणीवापर संस्था काढल्या आणि पाणी मोजून घेऊन आपसांत वाटायला सुरुवात केली. 2005 मध्ये सिंचनाचं व्यवस्थापन शेतकऱ्यांच्या हाती देणारा कायदा महाराष्ट्रात झाला. पांझरेकाठच्या शेतकऱ्यांनी कायद्याशिवाय जे केलं होतं, त्याला आता कायद्याचं बळ आहे.

आपल्या गावासाठी

नव्या बंधाऱ्याचं पाणी काठावरच्या चार-दोन मोटारींनी ओढून न्यायचं आणि उन्हाळ्यात साऱ्या गावानं टँकरची वाट बघायची, हे चित्र आपल्या ओळखीचं आहे. ते टाळायचं असेल तर :

1. काम सुरू होण्याआधीच ग्रामसभेत वाटणीचा नियम ठरवून लेखी घ्या. पाणी आल्यावर ठरवायला बसाल, तर जोरदाराचंच चालेल.
2. पावसाळा संपला की साठा मोजा आणि मगच रब्बीचं पीक ठरवा. पिण्याचं पाणी आधी बाजूला काढा.
3. तुटीच्या वर्षी कपात कशी करायची, तेही आधीच लिहून ठेवा. कपात सगळ्यांना सारखी असावी.
4. पाणी सोडणारा माणूस गावानं नेमावा आणि त्याचा मेहनताना वेळेवर द्यावा.
5. बैठकीला भूमिहीन कुटुंबांना आणि बायाबापड्यांना जरूर बोलवा. हंडा कुणाच्या डोक्यावर असतो, हे सांगायला नको.

पाऊस आपल्या हातात नाही, वाटणी मात्र आहे. पांझरेकाठच्या शेतकऱ्यांनी हे ओळखलं, म्हणून थोड्या पाण्यावर त्यांची गावं पिढ्यान्‌पिढ्या एकत्र नांदली. येत्या ग्रामसभेत हा विषय अवश्य काढा.