हुडकेश्वरच्या अंगणात हॉट रॉड उभी राहू शकेल का?

१/
नागपूरच्या दक्षिण टोकाला हुडकेश्वर आहे. २०१३ साली नरसाळ्यासह ते महापालिकेच्या हद्दीत आले. समजा, तेथील एखाद्या रहिवाशाने भंगारातून जुना पिकअप आणला, त्याचा सांगाडा खरवडून काढला, छप्पर कापून बुटके केले, दमदार इंजिन चढवले आणि अमेरिकन चित्रांत दिसते तशी ‘हॉट रॉड’ घरच्या अंगणात उभी केली. लेथ, वेल्डिंग, डेंटिंग, रंगकाम या साऱ्यांचे कारागीर शहरात आहेत. तरीही ती गाडी उमरेड रस्त्यावर कायदेशीरपणे धावू शकणार नाही. असे का, याचे उत्तर शंभर वर्षांच्या इतिहासात शोधावे लागते. हा धागा त्याविषयी.

२/
पिकअपचा जन्मच मुळी घरगुती कापाकापीतून झाला. फोर्ड कंपनीची ‘मॉडेल टी’ १९०८ साली बाजारात आली. अमेरिकेतील शेतकरी तिची मागील बाजू काढून तेथे लाकडी पेटी ठोकत आणि दूध, भाजी, अवजारे वाहून नेत. ही रीत इतकी पसरली की एप्रिल १९२५ मध्ये फोर्डने स्वतःच पोलादी हौद्याची मॉडेल टी विक्रीस आणली. किंमत होती २८१ डॉलर. गिऱ्हाइकांनी अंगणात जे केले, तेच कारखान्याने मागाहून केले. १९२७ साली उत्पादन थांबले तेव्हा मॉडेल टीच्या दीड कोटींहून अधिक गाड्या बनल्या होत्या.

३/
इतक्या गाड्या निघाल्यावर जुन्या गाड्या कवडीमोल होणे ओघानेच आले. १९३२ साली फोर्डने सामान्यांच्या गाडीत ६५ अश्वशक्तीचे ‘व्ही-८’ इंजिन बसवले. मॉडेल टीच्या तिपटीहून अधिक अशी ही शक्ती होती. कॅलिफोर्नियातील तरुण हलकी जुनी गाडी स्वस्तात घेत, मडगार्ड आणि बॉनेट काढून तिचे वजन उतरवत, छप्पर कापत आणि अपघातात मोडलेल्या गाडीचे व्ही-८ तिच्यात चढवत. जुने पिकअपही याच कात्रीखाली आले. म्युरॉकसारख्या कोरड्या तळ्यांच्या सपाट भूमीवर या गाड्यांच्या शर्यती होत. १९३७ मध्ये तेथील क्लबांनी एकत्र येऊन ‘सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन’ स्थापन केली.

४/
यातील धोका खरा होता. इंजिन तिप्पट ताकदीचे, पण ब्रेक जुनेच, दांड्यांनी ओढले जाणारे. फोर्डने द्रवदाबाचे ब्रेक १९३९ च्या गाड्यांना दिले. जाणते कारागीर ते काढून आपल्या जुन्या गाडीला बसवत, इतर जण तसेच धावत. चॅसिसची गोष्टही तीच. मूळच्या अल्प शक्तीसाठी केलेला उघड्या बाजूचा सांगाडा नव्या इंजिनाच्या जोराने पिळवटला जाई, म्हणून त्याच्या उघड्या बाजूस आतून पत्रा वेल्ड करून तो पेटीसारखा बंद करावा लागे. हे न करता रस्त्यावर उतरणाऱ्यांमुळे दुसऱ्या महायुद्धानंतर ‘हॉट रॉड’ हा शब्द वर्तमानपत्रांत शिवीसारखा वापरला जाऊ लागला.

५/
बंदी आणि मोकळीक यांमधील वाट या छांदिष्टांनीच काढली. जानेवारी १९४८ मध्ये रॉबर्ट पीटरसन यांचे ‘हॉट रॉड’ मासिक निघाले. १९५१ मध्ये त्याचे संपादक वॉली पार्क्स यांनी ‘नॅशनल हॉट रॉड असोसिएशन’ स्थापन केली. शर्यती रस्त्यावरून बंदिस्त धावपट्टीवर नेणे आणि गाडीची आधी तपासणी करणे हा तिचा आग्रह होता. सुटे भाग बनवणाऱ्या छोट्या कारखानदारांची संघटना १९६३ साली झाली. पुढे कायद्यानेही दार उघडले. कॅलिफोर्नियाच्या २००१ च्या कायद्यानुसार घरी बांधलेल्या पहिल्या ५०० गाड्यांना दरवर्षी धूरतपासणीच्या नियमांत विशेष सवलतीने नोंदणी मिळते. एकट्या माणसाने बांधलेले वाहन हा तेथे कायद्याच्या दृष्टीने स्वतंत्र वर्ग ठरला.

६/
आता महाराष्ट्राकडे वळू. हॉट रॉडचा प्रारंभ होत असताना येथे मोटारी परदेशी सुट्या भागांतून जोडल्या जात होत्या. जनरल मोटर्सने १९२८ साली मुंबईत शिवडी येथे जोडणीचा कारखाना काढला. पाठोपाठ फोर्डही मुंबईत आली. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली ‘प्रीमियर ऑटोमोबाइल्स’ स्थापन केली आणि १९४७ मध्ये तिच्या कुर्ला येथील कारखान्यातून पहिल्या गाड्या बाहेर पडल्या. महायुद्ध संपताच सैन्याच्या जुन्या जीपा आणि ट्रक ‘डिस्पोजल’च्या लिलावांत विकले गेले. त्या चालत्या ठेवण्यासाठी मिस्त्रींना मिळेल तो भाग कापून-जोडून बसवावा लागे. शिक्षणसंस्थेत न शिकलेली यंत्रविद्या या गॅरेजांत रुजली.

७/
शिवाय भारतातील अवजड वाहन बहुधा अपूर्णच विकले जाई. कंपनी चॅसिस, इंजिन आणि पुढचा दर्शनी भाग देई. केबिन आणि हौदा मालकाने स्थानिक बॉडी बिल्डरकडून बांधून घ्यायचा. १ जून १९४८ रोजी अहमदनगर-पुणे मार्गावर धावलेली राज्य परिवहनाची पहिली बसही बेडफर्ड चॅसिसवर लाकडी बॉडी चढवलेली होती. पुढे एस.टी.ने दापोडी, चिकलठाणा आणि नागपूरजवळील हिंगणा येथील स्वतःच्या कार्यशाळांत बसच्या बॉड्या बांधल्या. कोऱ्या सांगाड्यावर वाहन उभे करण्याची विद्या हुडकेश्वरपासून काही कोसांवर अशी सरकारी छपराखाली नांदत आली.

८/
मग या विद्येतून घरबांधणीच्या गाडीची परंपरा का उगवली नाही? एक प्रयत्न तरी निश्चित झाला आणि तो इचलकरंजीत झाला. १९०४ साली विठ्ठलराव दातार यांनी तेथे पहिला यंत्रमाग बसवला. त्यानंतर हे गाव मागांचे झाले आणि जेथे माग तेथे तो दुरुस्त करणारा फिटर, लेथ चालवणारा, ओतकाम करणारा आलाच. याच इचलकरंजीत शंकरराव कुलकर्णी यांनी सामान्य मराठी कुटुंबाला परवडेल अशी मोटार स्वतः बनवण्याचा ध्यास घेतला.

९/
त्यांची पहिली दोन आसनी गाडी १९४९ साली तयार झाली. गाडीचे नाव ‘मीरा’. त्यानंतर सुमारे पाव शतक ते एकामागून एक सुधारित नमुने बांधत राहिले. इंजिन मागे, तेही हवेने थंड होणारे, त्यामुळे रेडिएटर आणि पाणी यांची कटकट नाही. स्प्रिंगांऐवजी रबराचा आधार. भाग कमी, म्हणजे खर्च कमी आणि बिघाडही कमी, हे त्यामागील सूत्र. सत्तरच्या दशकातील नमुना सुमारे १२ हजार रुपयांना विकण्याचा त्यांचा मानस होता. कॅलिफोर्नियातील तरुणांना वेग हवा होता, कुलकर्णींना काटकसर हवी होती. दोघांनीही गाडी ही कारखान्याबाहेरही घडवता येणारी वस्तू मानली.

१०/
मीरा रस्त्यावर धावली, पण बाजारात आली नाही. १९५१ च्या उद्योग (विकास व नियमन) कायद्याने मोटार बनवण्यास केंद्राचा परवाना आवश्यक केला होता. १९५३ मध्ये टॅरिफ कमिशनच्या शिफारशींनुसार केवळ जोडणी करणाऱ्या परदेशी कंपन्यांची वाट बंद झाली. जनरल मोटर्स आणि फोर्ड यांनी येथून गाशा गुंडाळला. पोलाद आणि परकीय चलन तुटपुंजे असल्याने मोजक्याच उत्पादकांना संधी देण्याचे हे धोरण होते. त्याने देशी सुट्या भागांचा उद्योग उभा राहिला, हे नाकारता येत नाही. मात्र वर्षाला चार-दोन गाड्या बांधू पाहणारा कारागीर या रचनेत कोठेच बसत नव्हता.

११/
स्वस्त लहान गाडीची गरज सरकारलाही पटलेली होती. एल. के. झा समितीने १९६० सालीच तिचा विचार मांडला होता. पुढे संजय गांधी यांच्या प्रकल्पाला परवाना मिळाला आणि १९७१ मध्ये ‘मारुती मोटर्स’ स्थापन झाली. तो प्रकल्पही त्या रूपात फळाला आला नाही. अखेरीस १९८१ मध्ये सरकारी ‘मारुती उद्योग’ निघाली, जपानच्या सुझुकीचे तंत्र आले आणि १४ डिसेंबर १९८३ रोजी पहिली मारुती ८०० ग्राहकाच्या हाती पडली. इचलकरंजीच्या पहिल्या नमुन्यानंतर तेव्हा चौतीस वर्षे लोटली होती.

१२/
परवानाराज १९९१ नंतर ओसरले, पण वाहनाच्या नोंदणीचा कायदा याच काळात उलट दिशेने आवळत गेला. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या मूळ कलम ५२ नुसार मालकाने आरटीओला कळवून, मान्यता घेऊन गाडीत फेरफार करता येत असे. २००० सालच्या दुरुस्तीने हे कलमच बदलले. निर्मात्याने मुळात दिलेल्या तपशिलांशी विसंगत ठरेल असा फेरफार मालकाने करू नये, असे त्यात आले. निर्णयाचे माप आरटीओच्या डोळ्यांकडून कंपनीच्या कागदाकडे गेले. हॉट रॉडच्या दृष्टीने या इतिहासातील सर्वांत निर्णायक वळण हेच.

१३/
९ जानेवारी २०१९ रोजी केरळमधील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने याच अर्थावर शिक्कामोर्तब केले. त्याच वर्षीच्या कायदादुरुस्तीने नियमबाह्य फेरफार करणाऱ्या मालकास सहा महिन्यांपर्यंत कारावास, किंवा प्रत्येक फेरफारामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही अशी तरतूद केली. नवे वाहन म्हणून नोंदणी करावी, तर नमुन्याची चाचणी पुण्याच्या ‘एआरएआय’सारख्या मान्यताप्राप्त संस्थेकडून उत्तीर्ण व्हावी लागते. ही पद्धत हजारो सारख्या गाड्या काढणाऱ्या उत्पादकासाठी आखलेली आहे. जन्मभरात एकच गाडी बांधणाऱ्याला तिचा खर्च झेपणे कठीण.

१४/
जुन्या गाड्यांच्या छांदिष्टांना मात्र जुलै २०२१ मध्ये दिलासा मिळाला. पन्नास वर्षांहून जुन्या खासगी दुचाकी-चारचाकींसाठी स्वतंत्र ‘व्हिंटेज’ नोंदणी सुरू झाली. क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे, शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षे. अट मोलाची आहे : गाडी मूळ रूपातच असावी, चॅसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल नसावा. शिवाय ही सोय व्यापारी वाहनांसाठी नाही, त्यामुळे मालवाहू म्हणून नोंदलेला पिकअप तेथेच अडतो. जपलेल्या गाडीला कायद्याने मान दिला, घडवलेल्या गाडीला दिला नाही.

१५/
याच वर्षाच्या अखेरीस सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे गाव देशभर गाजले. यशवंतराव चव्हाणांचे हे जन्मगाव. तेथील लोहारकाम करणारे दत्तात्रय लोहार यांनी जुन्या गाड्यांच्या भागांतून, सुमारे ६० हजार रुपयांत, दुचाकीसारखी किक मारून सुरू होणारी छोटी जीप बनवली होती. मुलाची हौस पुरवणे हा हेतू. डिसेंबर २०२१ मध्ये उद्योगपती आनंद महिंद्र यांनी तिचे जाहीर कौतुक केले आणि त्याच वेळी दोन गोष्टीही सांगितल्या : ही गाडी कोणत्याही नियमात बसत नाही, आणि आज ना उद्या यंत्रणा ती थांबवील. म्हणून तिच्या बदल्यात त्यांनी बोलेरो देऊ केली. जानेवारी २०२२ मध्ये ती लोहार कुटुंबाला मिळाली आणि घरची जीप कंपनीच्या संग्रहासाठी गेली.

१६/
या प्रसंगाकडे अनेकांनी आनंदकथा म्हणून पाहिले आणि त्या कुटुंबापुरती ती होतीही. इतिहासाच्या अभ्यासकाला त्यात आणखी काही दिसते. इचलकरंजीच्या गाडीला उत्पादनाचा परवाना नव्हता, देवराष्ट्रेच्या गाडीला नोंदणीचा मार्ग नव्हता. मध्ये सत्तर वर्षे गेली, सरकारे आणि धोरणे बदलली, तरी एकट्या कारागिराच्या गाडीची तपासणी करून ‘ही चालेल’ वा ‘ही चालणार नाही’ असे सांगणारी खिडकी काही उघडली नाही. कौतुक झाले, बक्षीस मिळाले, पण पुढच्या लोहाराने काय करावे हा प्रश्न तसाच राहिला.

१७/
सुरक्षिततेचा युक्तिवाद येथे हलका लेखून चालणार नाही. दांड्यांच्या ब्रेकवर तिप्पट ताकदीचे इंजिन ही कॅलिफोर्नियातील चूक नागपूरच्या गर्दीत अधिक जीवघेणी ठरेल. पण त्या चुकीवर अमेरिकेने शोधलेला उपाय तपासणीचा होता : सांगाडा, ब्रेक, सुकाणू पाहा, आणि योग्य असेल तर मर्यादित संख्येने परवानगी द्या. भारतात कारागिराचे कसब तपासण्याची अशी सोयच नसल्याने चांगले वेल्डिंग आणि वाईट वेल्डिंग कायद्यापुढे सारखेच बेकायदा ठरते. त्याचा तोटा चांगल्या मिस्त्रीला अधिक होतो.

१८/
तर हुडकेश्वरच्या त्या कल्पित रहिवाशापुढे आज कोणते मार्ग आहेत? पन्नास वर्षांहून जुनी खासगी गाडी मूळ रूपात परत आणावी आणि व्हिंटेज नोंदणी घ्यावी. कागदपत्रे धड असलेल्या गाडीत मान्यताप्राप्त विद्युत किंवा सीएनजी संच अधिकृत केंद्रातून बसवून घ्यावा. अथवा हॉट रॉड बांधावीच, पण ती खासगी आवारात, प्रदर्शनापुरती ठेवावी. भंगारातील पिकअप विकत घेण्यापूर्वी त्याची आरसी, चॅसिस क्रमांक आणि वाहनाचा वर्ग पाहावा. नंतर कितीही कष्ट घेतले तरी या तीन गोष्टी वेल्डिंगने दुरुस्त होत नाहीत.